पशुखाद्यातील प्राण्याची ओळख

दावणीपासून पोत्यापर्यंत

छत्तीसगढाच्या मध्यभागी महानदीच्या खोऱ्यात पसरलेले मैदान धानाचे आगर म्हणून प्रसिद्ध आहे. याच मैदानात, रायपूरच्या आग्नेयेस, एकेचाळीस गावांच्या भूमीवर राज्याच्या नव्या राजधानीचे नगर उभारण्यात आले. नवा रायपूर हे त्याचे नाव. २०१२ साली राज्याचे मंत्रालय तेथे गेले आणि २०१८ साली नगराच्या नावाला ‘अटल नगर’ अशी जोड मिळाली. नगराच्या रुंद रस्त्यांपलीकडे धानाची शेते लागतात आणि शेतांलगतच्या गावांतून गोठे आढळतात. गोठ्याला येथे, विदर्भातल्याप्रमाणेच, ‘कोठा’ म्हणतात.

या कोठ्यांतील जनावरांचा आहार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला होता. पैरा, म्हणजे धानाचा पेंढा, भाताचा कोंडा, विदर्भात लाखोळी आणि येथे तिवरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कडधान्याचा भुसा, तसेच जवसाची किंवा भुईमुगाची पेंड एवढ्यावर गाय, म्हैस आणि बैल पोसले जात. यांतील प्रत्येक वस्तू शेतकऱ्याच्या डोळ्यांना, नाकाला आणि बोटांना परिचित असे. पेंड खवट झाली आहे किंवा कोंड्यात तूस मिसळले आहे, हे ओळखण्यासाठी त्याला प्रयोगशाळेची गरज भासत नसे.

दूधधंद्याची वाढ झाली तेव्हा या आहाराच्या जोडीला कारखान्यात तयार झालेले मिश्रखाद्य आले. रायपूर, दुर्ग आणि राजनांदगाव या पट्ट्यात कुक्कुटपालन व मत्स्यपालन वाढले आणि त्यांच्यासाठी लागणाऱ्या खाद्याचे कारखानेही निघाले. मिश्रखाद्यात धान्य, पेंड, कोंडा, मळी, मीठ आणि खनिजे दळून एकजीव केलेली असतात व बहुधा त्यांच्या गोळ्या पाडलेल्या असतात. अशा गोळीकडे पाहून तिच्यात काय आहे हे अनुभवी शेतकऱ्यालाही सांगता येत नाही. त्याला पोत्यावरील मजकुरावर भिस्त ठेवावी लागते.

त्या मजकुरात प्रथिनांचे प्रमाण ठळकपणे दिलेले असते. हे प्रमाण काढण्याची रूढ पद्धत डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली बसवली. तीत खाद्यातील नायट्रोजन मोजतात आणि त्या आकड्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा अंदाज करतात. पद्धत भरवशाची आहे. परंतु तिला नायट्रोजनाचे मूळ कळत नाही. सोयाबीनच्या पेंडीतील नायट्रोजन, मासळीच्या भुकटीतील नायट्रोजन आणि कत्तलखान्यातील अवशेष शिजवून केलेल्या मांस-हाडांच्या चुऱ्यातील नायट्रोजन तिच्या दृष्टीने सारखेच. प्रथिने किती, याचे उत्तर ती देते. ती प्रथिने कोणाची, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याच्या उत्तरासाठी वेगळ्या परीक्षा योजाव्या लागतात.

हा प्रश्न का उद्भवला

रवंथ करणारे जनावर निसर्गतः तृणभक्षक आहे. तथापि मांस-हाडांच्या चुऱ्यात प्रथिने, कॅल्शियम आणि फॉस्फरस विपुल असल्यामुळे पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात तो गाईंच्या खाद्यातही घातला जाऊ लागला. त्याचा परिणाम ब्रिटनमध्ये दिसून आला. १९८६ साली तेथील पशुवैद्यकांनी गाईंचा एक नवा रोग ओळखला. रोगी गाय लटपटत चाले, दचके आणि अखेर मरून जाई. तिच्या मेंदूत सूक्ष्म छिद्रे पडून तो स्पंजासारखा झालेला असे. रोगाचा मागोवा घेता तो खाद्यातील मांस-हाडांच्या चुऱ्यापर्यंत पोहोचला. एका जनावराच्या अवशेषांतून दुसऱ्याकडे जाणारे हे संसर्गकारक म्हणजे विकृत रूप घेतलेले एक प्रथिन होय. अशा प्रथिनांना अमेरिकेतील स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली ‘प्रायॉन’ हे नाव दिले होते. नेहमीच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही.

जुलै १९८८ मध्ये ब्रिटनने रवंथ करणाऱ्या प्राण्यांपासून मिळालेली प्रथिने रवंथ करणाऱ्या प्राण्यांना खाऊ घालण्यास मनाई केली. या मनाईनंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मनाईनंतर जन्मलेल्या ४० हजारांहून अधिक गाईंना रोग झाला. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात तो चुरा घालण्यास तेव्हा मुभा होती, आणि तेच कारखाने, तीच यंत्रे व त्याच गाड्या गाईंच्या खाद्यासाठीही वापरल्या जात होत्या. यंत्रात मागे राहिलेला थोडासा चुरा पुढच्या खेपेत मिसळे. वासराला रोग होण्यास बाधित मेंदूचा एक ग्रॅमहून कमी अंशही पुरतो, हे पुढे प्रयोगांनी सिद्ध झाले. मार्च १९९६ मध्ये या रोगाचा माणसांतील एका नव्या मेंदूविकाराशी संबंध असल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सर्वच पाळीव खाद्यप्राण्यांच्या आहारातून सस्तन प्राण्यांचा चुरा बंद करण्यात आला. तोवर उशीर झाला होता. ब्रिटनमध्ये एकंदर १ लाख ८० हजारांहून अधिक गाईंत हा रोग निश्चित झाला आणि त्या मानवी विकाराने तेथे १७८ माणसे दगावली. ज्या बंदीची परीक्षा करता येत नाही ती कागदावरच राहते, हा या प्रकरणाचा धडा होय.

भारतात या रोगाची नोंद नाही. २०१० साली जागतिक पशुआरोग्य संघटनेने या रोगासंबंधी ‘नगण्य धोका’ असलेल्या देशांत भारताची गणना केली. हे स्थान टिकवायचे तर खाद्यावर नजर ठेवणे अपरिहार्य आहे. २०२० साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असा निर्देश दिला की, कोंबड्या, डुकरे व मासे वगळता दूध आणि मांस देणाऱ्या प्राण्यांना गाय-म्हैस वर्गातील किंवा वराहवर्गातील मूळ असलेले मांस, हाडांचा चुरा, अंतर्गत अवयव, रक्ताची भुकटी व इतर ऊती असलेले खाद्य देऊ नये. दूध व दुग्धजन्य पदार्थांना मात्र ही मनाई नाही. या निर्देशामुळे परीक्षकाचे काम नेमके झाले. प्राणिज घटक आहे एवढे सांगून त्याला थांबता येत नाही. त्याला प्राण्याचे नाव सांगावे लागते.

आरोग्य आणि कायदा यांखेरीज येथे आणखी एक गोष्ट पणाला लागलेली असते. ज्या घरात गाईला पहिला घास काढून ठेवतात, त्या घराच्या दावणीत गाईच्याच हाडांचा चुरा पडावा, ही कल्पना असह्य असते. अशी नुसती शंका बोलली गेली तरी एखाद्या खाद्यविक्रेत्याचा धंदा बसू शकतो. म्हणून परीक्षेचा निर्णय दोन्ही बाजूंनी निर्दोष असावा लागतो. दोष असता तो सुटू नये आणि दोष नसता तो लागू नये.

नमुना

परीक्षेचा पहिला टप्पा प्रयोगशाळेबाहेर असतो. पन्नास किलोच्या पोत्यात मांस-हाडांच्या चुऱ्याचे प्रमाण ०.१ टक्का असेल तर संपूर्ण पोत्यात तो केवळ ५० ग्रॅम भरेल. सूक्ष्मदर्शकाच्या परीक्षेसाठी बहुधा १० ग्रॅम खाद्य घेतात. त्यात त्याचा वाटा १० मिलिग्रॅम येईल. डी. एन. ए. वेगळा करण्यासाठी १०० मिलिग्रॅम भुकटी घेतली तर तिच्यात दहाव्या हिश्शाचा एक मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम एखादा बारीक कण असेल. तो कण त्या चिमटीत आला नाही तर जगातील उत्कृष्ट यंत्रही त्याचा पत्ता लावू शकणार नाही.

यासाठी एकाच पोत्यातून एक मूठ न घेता, अनेक पोत्यांत टोकदार पोकळ नळी खुपसून वरच्या, मधल्या व तळच्या थरांतून खाद्य काढतात. ते एकत्र मिसळून त्याचा ढीग करतात, ढिगाचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवतात आणि उरलेले दोन बाजूस काढतात. इष्ट वजन येईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. तयार नमुन्याचे सारखे वाटे करून ते मोहरबंद करतात. निर्णयावर हरकत आली तर फेरपरीक्षेसाठी एक वाटा अस्पर्श राहिला पाहिजे. एका नमुन्यानंतर नळी आणि दळणयंत्र काळजीपूर्वक स्वच्छ करावे लागते. नाही तर एका गावचा दोष दुसऱ्या गावच्या खाद्यावर जाऊन बसेल.

सूक्ष्मदर्शकाखाली

सर्वांत जुनी आणि अद्याप अग्रस्थानी असलेली परीक्षा सूक्ष्मदर्शकाची आहे. युरोपात १९९८ साली तिला अधिकृत रूप देण्यात आले. तिचे तत्त्व सोपे आहे. दळलेले खाद्य टेट्राक्लोरोएथिलीन या जड द्रवात ढवळून स्थिर ठेवतात. या द्रवाची घनता पाण्याच्या दीडपटीहून अधिक असल्यामुळे कोंडा, पेंड, स्नायूंचे तंतू, केस व पिसे वर तरंगतात. हाडे, दात, मासळीचे खवले, अंड्याचे कवच व खनिजे तळाशी बसतात. प्रचंड ढिगातून हाडाचा कण शोधण्याचे काम अशा रीतीने चिमूटभर गाळापुरते उरते.

गाळाला ॲलिझारिन नावाचा तांबडा रंग दिला की हाडे लाल होतात. हाडाच्या कणात सूक्ष्म पोकळ्या दिसतात. जिवंतपणी त्यांत हाडाच्या पेशी राहत असत. आता तेथे हवा भरल्यामुळे त्या काळ्या ठिपक्यांसारख्या भासतात. मासळीच्या हाडात या पोकळ्या लांबट व धाग्यासारख्या, तर भूचर प्राण्यांच्या हाडांत अंडाकृती किंवा गोलसर असतात. यावरून मासळी आणि भूचर यांतील भेद सरावलेल्या परीक्षकाला खात्रीने करता येतो. वर तरंगलेल्या भागात स्नायूंच्या तंतूंवरील आडव्या रेषा, पिसांचे काटे आणि केसांचा गाभा दिसू शकतो.

०.१ टक्क्याहून कमी प्रमाणही या पद्धतीने सापडते, आणि उष्णतेने हाडाची रचना सहसा पुसली जात नाही, हे तिचे गुण आहेत. मर्यादा अशी की, दळलेल्या हाडाच्या कणावरून तो गाईचा, शेळीचा की डुकराचा हे सांगता येत नाही. शिवाय रक्ताच्या भुकटीत हाड नसते. कधी निष्पाप कणही समोर येतो. गोदामातील उंदराचा केस पोत्यात पडलेला असू शकतो. युरोपात बीटच्या चोथ्यात हाडांचे कण सापडले तेव्हा ते शेतातील मातीबरोबर आलेले, रानटी प्राण्यांचे असल्याचा निष्कर्ष निघाला होता. कण दिसला म्हणजे भेसळ सिद्ध झाली, असे परीक्षकाला मानता येत नाही.

डी. एन. ए.ची साक्ष

जात ओळखण्याचा पहिला यशस्वी मार्ग प्रतिपिंडांचा होता. १९०१ साली जर्मनीतील पाउल उलेनहूथ यांनी एका जातीच्या रक्ताविरुद्ध तयार झालेला रक्तरस त्याच जातीच्या रक्ताबरोबर साका निर्माण करतो, हे दाखवून रक्ताचा डाग माणसाचा की जनावराचा हे ठरवण्याची रीत घालून दिली. कच्च्या मांसासाठी हा मार्ग चांगला आहे. पण मांस-हाडांचा चुरा शिजवलेला असतो. युरोपातील नियमानुसार तो १३३ अंश सेल्सियस तापमानाला, तीन बार दाबाखाली, किमान २० मिनिटे ठेवावा लागतो. एवढ्या उष्णतेत बहुतेक प्रथिनांचा आकार मोडतो आणि प्रतिपिंडांना ती ओळखू येत नाहीत. स्नायूंतील ट्रोपोनिनसारखी काही प्रथिने तग धरतात. त्यांच्यावर आधारलेल्या चाचण्या प्राथमिक छाननीसाठी उपयोगी पडतात.

डी. एन. ए.चा धागाही उष्णतेने तुटतो, परंतु त्याचे तुकडे वाचण्याजोगे राहतात. लिहिलेला कागद फाडून त्याचे कपटे केले तरी एखाद्या कपट्यावर सही शिल्लक असावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून परीक्षक शंभराहून कमी अक्षरांचा आखूड तुकडा शोधतात. तो बहुधा पेशीच्या केंद्रकातील नसून तंतुकणिकांमधील असतो. केंद्रकातील डी. एन. ए.च्या प्रती पेशीमागे दोनच असतात, तंतुकणिकांतील डी. एन. ए.च्या शेकडो ते हजारो असतात, त्यामुळे त्यांतील काही वाचण्याची शक्यता अधिक.

तो अत्यल्प तुकडा दिसण्याजोगा करण्यासाठी १९८३ साली कॅरी म्युलिस यांनी शोधलेली पी. सी. आर. ही क्रिया वापरतात. तिच्या प्रत्येक आवर्तनात नेमक्या तुकड्याची संख्या दुप्पट होते. तीस आवर्तनांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक तुकडे होऊ शकतात. क्रिया कोणत्या तुकड्याची व्हावी हे तिला दिलेल्या आरंभक धाग्यांवर ठरते. गाईच्या तुकड्याला जुळणारे धागे घातले तर गाईचा डी. एन. ए. असल्यासच क्रिया पुढे सरकते आणि चमक वाढू लागते. युरोपातील अधिकृत पद्धतींत २०१३ साली ही परीक्षा जोडण्यात आली. तेथील संदर्भ प्रयोगशाळा बेल्जममधील जांब्लू येथे आहे. भारतात हैदराबादच्या सी. सी. एम. बी. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००३ साली असंख्य जातींना एकाच जोडीने लागू पडतील असे आरंभक धागे प्रसिद्ध केले, आणि हैदराबादच्याच राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत मांसाची जात ओळखण्याचे काम चालते.

भारतीय परीक्षकाचे काम युरोपीयापेक्षा काहीसे बिकट आहे. युरोपात पुष्कळदा ‘रवंथ करणारा प्राणी’ एवढे उत्तर पुरते. येथे गाय आणि म्हैस एकाच कोठ्यात असतात, आणि कायद्याच्या व भावनेच्या दृष्टीने त्यांच्यातील भेद महत्त्वाचा ठरू शकतो. म्हणून गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर व कोंबडी यांच्यासाठी निरनिराळ्या परीक्षा कराव्या लागतात. जातीच्या आतील वाणाचा निर्णय मात्र ही परीक्षा देत नाही. चुरा छत्तीसगढातील कोसली गाईचा की वर्ध्याकडील गवळाऊचा, हे तिला सांगता येणार नाही.

तंतुकणिकांतील डी. एन. ए. केवळ आईकडून येतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. नवा रायपूरच्या जंगल सफारीत आणून ठेवलेल्या ‘दीपआशा’ या म्हशीचे उदाहरण येथे बोलके आहे. उदंती अभयारण्यातील आशा या रानम्हशीच्या पेशीपासून कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २०१४ साली कृत्रिम प्रतिरूपणाने तिचा जन्म झाला. अशा प्राण्याचे केंद्रक एका मादीचे व अंडपेशी दुसरीची असते. त्यामुळे तंतुकणिकांचा डी. एन. ए. मुख्यतः अंडपेशी देणाऱ्या मादीची ओळख सांगतो. खाद्याच्या परीक्षेत असा प्रसंग येत नाही. पण संकरित जनावराच्या बाबतीत ही परीक्षा मातृकुळाचेच नाव घेते, एवढे यावरून समजून घेता येते.

जात कळली, निर्णय बाकी आहे

पी. सी. आर.ने गाईचा डी. एन. ए. सापडला, असा अहवाल आला की प्रकरण संपले, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे. एकाच गाईच्या हाडात, रक्तात व दुधात तोच डी. एन. ए. असतो, कारण दुधातही तिच्या पेशी उतरलेल्या असतात. लहान वासरांच्या खाद्यात दुधाची किंवा निवळीची भुकटी घालणे रास्त आणि नियमास धरून आहे. पी. सी. आर.च्या दृष्टीने अशी निर्दोष भुकटी व निषिद्ध चुरा यांत फरक नाही.

समजा, गाईंच्या खाद्याचे तीन नमुने आले. पहिल्यात सूक्ष्मदर्शकाखाली भूचर प्राण्याचे हाड दिसले आणि पी. सी. आर.ने गाय-म्हैस वर्ग दाखवला. येथे संशय फार बळकट आहे. दुसऱ्यात केवळ मासळीची हाडे दिसली व पी. सी. आर. निरंक आली, माशांच्या खाद्यानंतर यंत्र साफ न करता गाईंचे खाद्य काढले असावे, असा तर्क होतो आणि कारखान्याची पाहणी आवश्यक ठरते. तिसऱ्यात हाड दिसलेच नाही, पण गाईचा डी. एन. ए. सापडला. तो दुधाचा असेल किंवा रक्ताचा; दोहोंतील निवड पी. सी. आर. करू शकत नाही. पहिल्या नमुन्यातही सावध राहावे लागते, कारण हाड कोंबडीचे आणि डी. एन. ए. दुधातील गाईचा असण्याचा संभव उरतोच.

ही गाठ सोडवण्यासाठी प्रथिनांकडे परत यावे लागते. प्रथिने विकरांनी तोडून त्यांचे तुकडे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रातून नेले असता प्रत्येक तुकड्याची रचना कळते. केसीन हे दुधाचे, हिमोग्लोबिन हे रक्ताचे आणि कोलॅजेन हे हाड व कातडी यांचे प्रथिन. शिवाय जातीगणिक त्यांत थोडे थोडे फरक असतात. त्यामुळे प्राणी आणि त्याचा अवयव या दोहोंची ओळख एकाच परीक्षेत पटू शकते. यंत्र महाग असल्याने आणि कुशल माणसे लागत असल्याने ही परीक्षा शेवटी योजतात. आणि जेथे हाडे जाळून त्यांची राख खनिज म्हणून वापरली आहे, तेथे डी. एन. ए. व प्रथिने दोन्ही नष्ट झालेली असल्यामुळे जात सांगण्याचा मार्ग उरत नाही.

यावरून अहवालात काय असावे हे उघड होते. कोणत्या प्राण्यांसाठी परीक्षा केली, कोणत्या पद्धतीने, किती प्रमाणापर्यंत सापडण्याची क्षमता होती, आणि दुधासारख्या घटकाची शक्यता तपासली की नाही, या गोष्टी त्यात स्पष्ट असाव्यात. ‘आढळले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘या नमुन्यात, या मर्यादेपर्यंत आढळले नाही’ एवढाच असतो.

परीक्षा दोष शोधून काढते. दोष टाळण्याचे काम कारखान्याचे आहे. गाईंच्या आणि माशांच्या खाद्यासाठी स्वतंत्र यंत्रे ठेवणे, ते शक्य नसल्यास खेपांचा क्रम ठरवून मधल्या वेळी यंत्र साफ करणे, प्रत्येक कच्च्या मालाचा उगम नोंदवणे आणि प्रत्येक खेपेचा नमुना राखून ठेवणे, हे उपाय साधे आहेत. खरेदीदारानेही पोत्यावरील चिठ्ठी खाद्य संपेपर्यंत जपून ठेवावी आणि शंका आल्यास न उघडलेले पोते परीक्षेसाठी द्यावे. उघड्या पोत्यात घरातील कशाचाही अंश मिसळू शकतो. नवा रायपूरच्या आसपासच्या एखाद्या कोठ्यात रिकामे होणारे पोते एवढ्या काळजीतून आलेले असेल, तरच त्यावर छापलेल्या शब्दांवर गोपालकाने विश्वास ठेवावा असे त्याला सांगता येईल.